यंत्रे बोलू लागली, पण अर्थाचे काय?

इतर मागासवर्गीयांच्या आकडेवारीसाठी महाराष्ट्र सरकारने केलेल्या याचिकेवर केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र सादर केले. त्यातील दोन आकडे प्रशासनाच्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. १९३१ च्या जनगणनेत देशभरात ४,१४७ जातींची नोंद झाली होती; २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणात मात्र ही संख्या ४६ लाखांच्या पुढे गेली. ऐंशी वर्षांत भारतीय समाजाचे हजारपट तुकडे झाले, असा निष्कर्ष कोणीही शहाणा माणूस काढणार नाही. झाले ते एवढेच, की जात, पोटजात, कूळ, गोत्र आणि आडनाव यांची सरमिसळ झाली आणि एकच नाव दहा प्रकारे लिहिले गेले. संगणकाने प्रत्येक वेगळी अक्षरमाला ही वेगळी जात मानली. मोजणी बिनचूक होती; आपण काय मोजत आहोत, हे मात्र कोणी ठरवून दिले नव्हते.

१ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणारी जनगणना ही देशाची पहिली डिजिटल जनगणना असेल आणि तीत जातींचीही नोंद होणार आहे. म्हणून हा प्रश्न आज पुन्हा मांडला पाहिजे. परंतु तो जनगणनेपुरता मर्यादित नाही. गेल्या पंधरा वर्षांत आपण सरकारी संगणकांना एकमेकांशी बोलायला शिकवले. पूर्वी एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात पोहोचायला महिना लागे. आता एका खात्याची प्रणाली दुसऱ्या खात्याच्या ‘वेब सर्व्हिस’ला प्रश्न विचारते आणि क्षणार्धात उत्तर मिळवते. अर्ज, छाननी, पडताळणी, मंजुरी आणि बँकखात्यात रक्कम ही सारी साखळी मानवी हाताशिवाय पूर्ण होऊ शकते. यात नागरिकाचा मोठा लाभ आहे, हे मी आधीच मान्य करतो. ज्याने नोकरीची तीस-बत्तीस वर्षे फायलींच्या ढिगाऱ्यात काढली, त्याला या गतीचे मोल कोणी सांगायला नको. प्रश्न वेगळाच आहे. एका यंत्राने विचारलेला शब्द आणि दुसऱ्या यंत्राने दिलेला शब्द यांचा अर्थ एकच असतो का?

‘कुटुंब’ हा साधा शब्द घेऊ. जनगणनेच्या दृष्टीने एका स्वयंपाकघरात एकत्र जेवणारी, एरवी एकत्र राहणारी माणसे म्हणजे कुटुंब. पीएम-किसान योजनेत पती, पत्नी आणि अज्ञान मुले म्हणजे कुटुंब. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने रक्त, विवाह किंवा दत्तकविधानाने जोडलेल्या, एकत्र राहणाऱ्या व एकत्र जेवणाऱ्या किंवा सामाईक शिधापत्रिका असलेल्या माणसांना कुटुंब मानले. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख ठरवतो. आता एका विधवा मातेचे घर डोळ्यांसमोर आणा. दोन विवाहित मुलगे, दोघांच्या नावे थोडी थोडी जमीन, चूल एकच. जनगणनेत हे एक कुटुंब आहे, शेतकरी योजनेत दोन, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात वर्षाचे शंभर दिवस साऱ्या घरात मिळून वाटून घ्यायचे होते. यातील एकही व्याख्या चुकीची नाही. प्रत्येक कायद्याचा हेतू निराळा, म्हणून शब्दाची कक्षाही निराळी. चूक तेव्हा घडते, जेव्हा एका प्रणालीतील ‘कुटुंब’ हा रकाना दुसऱ्या प्रणालीतील ‘कुटुंब’ या रकान्याला थेट जोडला जातो आणि जुळले नाही, की ‘विसंगती आढळली’ असा शेरा उमटतो.

असा शेरा काय करू शकतो, हे तेलंगणात दिसले. तेथे विविध खात्यांची माहिती एकत्र जुळवून लाभार्थ्यांची पात्रता तपासणारी ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली उभारण्यात आली. रद्द झालेल्या शिधापत्रिकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये सुमारे १९ लाख रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष घरोघरी पडताळणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. एकाच नावाची दोन माणसे यंत्राला एक वाटली आणि एकाचे वाहन दुसऱ्याच्या नावावर चढले, तर ज्याच्या दारात सायकलही नाही तो मोटारमालक ठरतो. त्याला याची वार्ता लागते ती रेशन दुकानाच्या रांगेत.

मला याची पहिली जाणीव फार पूर्वी, उत्तर बिहारमधील एका जिल्ह्यात झाली. पुरानंतर पीकनुकसानीची मदत वाटायची होती आणि आमच्या कार्यालयाने मोठ्या अभिमानाने लाभार्थ्यांची पहिली संगणकीय यादी तयार केली होती. तक्त्यात ‘क्षेत्र’ असा रकाना होता. एकक लिहिलेले नव्हते. काही हलक्यांतील कर्मचाऱ्यांनी आकडे डिसमिलमध्ये दिले, काहींनी कठ्ठ्यात. आमच्या भागात एक कठ्ठा म्हणजे सुमारे तीन डिसमिल. त्यातही बिहारमध्ये कठ्ठा ठरतो तो लग्गीच्या, म्हणजे मोजणीच्या काठीच्या लांबीवर आणि ती लांबी इलाख्यागणिक बदलते. एक वृद्ध शेतकरी पावती घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘हुजूर, आकडा बरोबर आहे, माप चुकले आहे.’’ त्याला हक्काच्या रकमेचा तिसरा हिस्सा मिळाला होता. यादी आम्ही दुरुस्त केली. पण जे माझ्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांचे काय झाले असेल, हा विचार आजही मनातून जात नाही. ती चूक संगणकाची नव्हती, आमची होती. एककाचा एक रकाना जास्त ठेवला असता, तर ती टळली असती.

संगणकशास्त्राने या दुखण्यावर बराच विचार केला आहे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांसह २००१ मध्ये ‘सिमँटिक वेब’ची कल्पना मांडली: माहितीसोबत तिचा अर्थही यंत्राला वाचता येईल अशा रीतीने नोंदवावा. पुढे त्यासाठी मानके तयार झाली. संज्ञा, त्यांचे परस्परसंबंध आणि नियम यांचा असा यंत्रवाचनीय कोश म्हणजे ‘ऑन्टॉलॉजी’. एखादी वेब सर्व्हिस कोणती माहिती मागते आणि कोणती देते, हे त्या कोशाशी जोडून सांगण्याची सोयही २००७ पर्यंत मानकांत आली. यंत्रे आपोआप एकमेकांच्या सेवा शोधून संपूर्ण प्रक्रिया रचतील, ही त्या काळची मोठी आकांक्षा होती. ती तशी फळाला आली नाही. व्यवहाराने सोपे मार्ग निवडले. मात्र ज्या क्षेत्रांत माणसांनी आधी अर्थावर एकमत केले, तेथे या विचाराने चांगले मूळ धरले.

त्याची दोन उदाहरणे आपल्याच देशात आहेत. पहिले आरोग्याचे. ‘स्नोमेड सीटी’ हा वैद्यकीय संज्ञांचा आंतरराष्ट्रीय कोश भारताने २०१४ मध्ये सदस्यत्व घेऊन स्वीकारला आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातील सी-डॅकमध्ये आहे. एका डॉक्टरने ‘हृदयविकाराचा झटका’ लिहिले आणि दुसऱ्याने त्याचे शास्त्रीय नाव, तरी कोशात दोन्हींना एकच क्रमांक मिळतो. दुसरे उदाहरण वस्तू व सेवा कराचे. मोठ्या उद्योगांसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेली ई-इन्व्हॉइस पद्धत आज चालते, ती देशभरातील बीजकाचा एकच नमुना ठरला म्हणून. कोणत्या रकान्याचा अर्थ काय, हे व्यापाऱ्याच्या, वाहतूकदाराच्या आणि कर अधिकाऱ्याच्या संगणकांना सारखेच ठाऊक असते. तरीही वाद संपले नाहीत. परोटा ही पोळी आहे की नाही, यावर २०२० मध्ये कर्नाटकात अग्रिम निर्णय द्यावा लागला. मीठ लावलेल्या आणि साखरेचा पाक चढवलेल्या पॉपकॉर्नचे दर वेगळे का, हे २०२४ च्या अखेरीस जीएसटी परिषदेला समजावून सांगावे लागले. लोक या वादांना हसले. मला त्यांत व्यवस्थेचे आरोग्य दिसले. अर्थाचा वाद उघड्यावर झाला, राज्ये आणि केंद्र एका संविधानिक व्यासपीठावर बसली आणि निर्णय बदलताही आला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे दोन प्रसंग आठवतात आणि ते परस्परविरुद्ध दिशा दाखवतात. एक, १९५६ चा वजनमापांचा कायदा. शेर, तोळा, मण यांच्या गावोगावच्या गोंधळातून देश मेट्रिक पद्धतीकडे गेला. १ एप्रिल १९५७ ला ‘नया पैसा’ आला आणि लोकांची सवय होईपर्यंत ‘नया’ हा शब्द काही वर्षे नाण्यावर ठेवला गेला. येथे एकरूपता हितावह ठरली. दुसरा प्रसंग १९०१ च्या जनगणनेचा. हर्बर्ट रिस्ले यांनी जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने मांडण्याचा घाट घातला. त्यावर देशभर अर्जविनंत्या आणि वाद झाले. जे प्रवाही होते, ते सरकारी तक्त्यात गोठले. किलोग्रॅम सर्वत्र एकच असावा. ‘कुटुंब’ किंवा ‘जात’ यांना मात्र दिल्लीतून एकच साचा लावणे धोक्याचे आहे.

म्हणूनच सिमँटिक तंत्रज्ञानाचा खरा गुण एकरूपता लादण्यात नाही. वेगवेगळे अर्थ वेगळे ठेवून त्यांच्यातील नाते स्पष्ट लिहून ठेवता येते, हा तो गुण होय. ‘अ’ कायद्यातील कुटुंब हे ‘ब’ कायद्यातील दोन कुटुंबांचे मिळून बनलेले असू शकते, एवढे वाक्य यंत्राला सांगता आले, तर अर्धे तंटे मिटतात. काही राज्ये आज कुटुंबालाच ओळखक्रमांक देत आहेत. हरियाणाचे ‘परिवार पहचान पत्र’ आणि कर्नाटकाची ‘कुटुंब’ प्रणाली ही त्याची उदाहरणे. अशा योजनांत हे वाक्य आधी लिहिले जाते की तक्रारी आल्यानंतर, यावर त्यांचे यश ठरेल.

माझ्या मते चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, पात्रता ठरवणाऱ्या प्रत्येक शब्दाची सार्वजनिक नोंदवही असावी: व्याख्या काय, ती कोणत्या कायद्यातून वा आदेशातून आली, कधीपासून लागू आहे आणि तिची जबाबदारी कोणत्या खात्याची. लोकसंख्याविषयक माहितीची मानके आपण २०११ मध्येच तयार केली होती. पण नावाची लांबी आणि तारखेची मांडणी ठरवणे म्हणजे अर्थ ठरवणे नव्हे. दुसरी, ही नोंदवही केवळ तंत्रज्ञांच्या हाती नसावी. व्याख्या हा धोरणाचा निर्णय आहे. जीएसटी परिषदेप्रमाणे राज्यांना त्यात आवाज हवा. तिसरी, ‘माहिती जुळली नाही’ आणि ‘माणूस अपात्र आहे’ हे दोन निराळे निष्कर्ष प्रणालीत निराळेच ठेवावेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्यापूर्वी एका जबाबदार माणसाने दार ठोठावले पाहिजे. चौथी, नकार देताना कोणत्या व्याख्येचा आधार घेतला, हे अर्जदाराला त्याच्या भाषेत लेखी मिळावे.

यामुळे काम मंदावेल, असा आक्षेप येईल. थोडे मंदावेलही. पण प्रक्रियेची गती आणि न्यायाची गती एकच नसते. चुकीच्या अर्थावर उभारलेली वेगवान प्रक्रिया चूकही त्याच वेगाने लाखो घरांपर्यंत पोहोचवते, आणि ती निस्तरण्याचा वेग मात्र जुन्या फायलींचाच राहतो. तो वृद्ध शेतकरी निदान एका खुर्चीपुढे येऊन उभा राहू शकला. आज त्याचा अर्ज एका प्रणालीतून दुसरीत जातो आणि मध्ये खुर्ची लागतच नाही. अशा वेळी माप कोणते धरले आहे, हे विचारण्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवणे, हे राज्याचे कर्तव्य आहे.