आपले गाव कोण दाखवणार?

फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावर सँ-मालो नावाचे जुने बंदर आहे. मुलगी त्या देशात असल्यामुळे तिथे जाण्याचा योग आला. एका सकाळी तिथल्या वाटाड्या बाईंनी आम्हा पंधराएक जणांना दोन तास पायी फिरवले. तटबंदीवरून गावाला वेढा घालायचा तर जेमतेम दोन किलोमीटर. पण चालणे कमी आणि थांबणेच जास्त. जाक कार्तिए १५३४ साली इथूनच निघून कॅनडाच्या किनाऱ्याला लागला. मी भारतातला म्हटल्यावर बाई म्हणाल्या, १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बूर्दोने याच गावचा! मग एका घराच्या भिंतीवर हात ठेवून त्यांनी सांगितले, "हे जुने दिसते, पण जुने नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये तटाच्या आतले बहुतेक गाव जळाले. नंतर पुन्हा बांधले." आणि आवाज न बदलता पुढे म्हणाल्या, "इथल्या काही जहाजमालकांचा पैसा गुलामांच्या व्यापारातला होता." गावाचे कौतुक आणि गावाचे पाप, दोन्ही एकाच सुरात.

पुढच्या हिवाळ्यात मुलीचे फ्रेंच शेजारी साताऱ्याला आले. आता गाव दाखवण्याची पाळी माझी. साठ वर्षे या गावात काढलेला मी अर्ध्या तासात संपलो. अजिंक्यतारा बोटाने दाखवला, राजवाडा बाहेरून दाखवला, कंदी पेढे खाऊ घातले. मंगळवार, बुधवार, शनिवार अशी वारांची नावे पेठांना का, या प्रश्नावर हसून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी त्यांना वाईजवळ मेणवलीला नेले. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा तो अर्धचंद्राकृती घाट. भोवतालची मंडळी 'स्वदेस'चे चित्रीकरण कुठे झाले ते एकमेकांना दाखवत होती. पाहुणीबाई मात्र घाटावरच्या मोठ्या घंटेपाशी थबकल्या. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. "ही इथे कशी आली?" त्यांनी विचारले. "वसईहून," मी म्हणालो, आणि गप्प झालो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. समुद्रावरच्या बंदरातला नाद कृष्णेच्या काठी घुमू लागला, एवढी मोठी गोष्ट माझ्या पुढ्यात टांगलेली होती आणि मला ती सांगता आली नाही. हे सारे मी वाचले ते पाहुणे गेल्यावर.

आपल्याकडे इतिहासाची वाण नाही. वाण आहे ती तो चालता चालता सांगणाऱ्या माणसाची. वाईच्या ढोल्या गणपतीला आपण हात जोडतो. पण देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची का, तर पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून, हे कोणी थांबवून सांगत नाही. सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी फुटांत तोंडपाठ सांगतो. २०१९ साली ती सत्तावन्न फुटांवर गेली होती. ते पाणी कुठल्या गल्लीत, कुठल्या पायरीपर्यंत चढले, हे दाखवत गणपती मंदिरापासून पुलापर्यंत कोणी फिरवले, तर त्याहून चांगला भूगोलाचा तास कुठला?

कोणी म्हणेल, हल्ली सगळी माहिती मोबाइलवर मिळते. मिळते, पण विचारणाऱ्यालाच. न सुचलेला प्रश्न मोबाइल विचारत नाही. भिंतीवर हात ठेवून थांबवणारा माणूसच लागतो. फ्रान्समध्ये या कामाला सरकारमान्य ओळखपत्र असते, त्यासाठी शिक्षण घ्यावे लागते आणि कामाचा मोबदला मिळतो. आपल्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, इतिहास शिकणारी मुले आहेत. नगरपालिका आणि शाळांनी मनावर घेतले तर महिन्याच्या एका रविवारी अशी फेरी अवघड नाही. मात्र ती फुकट नको. फुकटच्या गोष्टी आपल्याकडे दोन रविवारांत बंद पडतात.

आणखी एक अट. फेरीत फक्त पोवाडा नको. साताऱ्यात शाहू महाराजांची राजधानी सांगायची, तशी प्रतापसिंह हायस्कूलची गोष्टही पूर्ण सांगायची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. ते सांगताना आपली छाती फुगते. पण साताऱ्यातल्या त्या बालपणी शाळेत त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे-आणावे लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेही तिथेच, त्याच आवाजात सांगायला हवे.

मागच्या महिन्यात मी गल्लीतल्या सात मुलांना घेऊन निघालो. तयारी केली होती, तरी दोनदा अडखळलो. हायस्कूलपाशी गोणपाटाची हकीकत सांगितली. मुले गप्प झाली. मग तिसरीतल्या एकाने विचारले, "आजोबा, पावसात ते भिजत असेल ना? मग दुसऱ्या दिवशी ते कशावर बसायचे?"

साठ वर्षे मी त्या शाळेवरून जातो आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.