अकिलीसची ताकद मुलांना कुठे दाखवायची?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, ट्रॉयची गोष्ट आपण मुलांना सांगतो तेव्हा ती बहुतेक वेळा लाकडी घोड्यापाशी संपवतो. मुलांना मजा येते, हे खरंच. पण होमरच्या 'इलियड'मध्ये घोड्याचा प्रसंगच नाही! ते महाकाव्य संपतं हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर. माझं स्पष्ट मत आहे की, वर्गात सांगायलाच हवा तो त्याच्या शेवटच्या, 24व्या सर्गातला प्रसंग.

हेक्टरने पॅट्रोक्लसला मारलं, म्हणून अकिलीसने हेक्टरला मारलं. तरी त्याचं मन शांत होईना. तो प्रेत रथाला बांधून फरफटत राहिला. मग एका रात्री हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, शत्रूच्या छावणीत येतो. ज्या हातांनी आपली मुलं मारली, त्याच हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या वडिलांना आठव. दोघेही रडतात. एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी.

एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, "पण प्रेत परत दे असं झ्यूसनेच कळवलं होतं ना?" बरोबर आहे. खंडणीही मिळणार होतीच. पण प्रेत धुवून, तेल लावून, वस्त्रात गुंडाळून द्यायला कुणी सांगितलं नव्हतं. ते स्वतः उचलून तिरडीवर ठेवायला तर नाहीच नाही.

आणि अकिलीस काही एकदम साधुसंत झालेला नाही बरं का! मध्येच तो प्रायमला दटावतो, मला चिडवू नकोस. प्रेत तो मुद्दाम आडबाजूला धुवायला लावतो. का? मुलाला पाहून बापाचा संताप उसळला तर आपलाही तोल जाईल आणि आपण या म्हाताऱ्याला मारून टाकू, ही भीती त्याला आहे. दया म्हणजे मवाळपणा, असं मानणाऱ्या पालकांनी हा तपशील जरूर वाचावा. ट्रॉयच्या सगळ्या लढायांपेक्षा इथे त्याला जास्त जोर लावावा लागतो, असं मला वाटतं.

मग तो विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? प्रायम अकरा दिवस मागतो. तेवढे दिवस युद्ध थांबवायचा शब्द अकिलीस देतो.

मुलं लगेच विचारतील, "आणि बाराव्या दिवशी?" खरं तेच सांगा, पुन्हा लढाई. त्यानंतर घाईघाईने फळ्यावर 'तात्पर्य' लिहू नका. प्रेत आडबाजूला का धुतलं, एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या.