धंदा कोणी शिकवावा?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एक वाद ठरलेला असतो. अब्बा म्हणतात, "धंदा गल्ल्यावर बसून शिकता येतो, त्याला कॉलेज कशाला?" अम्मी म्हणते, "आजकाल डिग्रीशिवाय कोण विचारतो?" दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. ही दोन अर्धी एकत्र आणण्याचा प्रयत्न अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं बऱ्याच वर्षांपासून करत आली आहेत. तिथे व्यापार शिकवणारा शिक्षक कसा असतो, हे आपणही समजून घेण्यासारखं आहे.

अशा सरकारी कॉलेजांची सुरुवात १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट इथे झाली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, फी विद्यापीठापेक्षा कमी आणि प्रवेशाला टक्क्यांची अट सहसा नाही. वर्गात शाळेतून नुकतीच आलेली मुलं असतात, तशीच दिवसभर काम करून संध्याकाळी येणारी संसारी माणसंही असतात.

शिक्षकांत निम्म्याहून अधिक अर्धवेळ असतात. व्यापार विषयासाठी बहुधा मास्टर्स पदवी मागतात. पण त्यांतले पुष्कळजण दिवसा हिशोब तपासण्याचं काम करतात, नोकरीत माल-खरेदी पाहतात किंवा स्वतःचा धंदा चालवतात. पुस्तकातली उधारी त्यांनी बाजारात भोगलेली असते. याची दुसरी बाजूही आहे: मानधन कमी, पुढच्या सत्राची खात्री नाही आणि काहींना दोन-तीन कॉलेजांत धावाधाव करावी लागते.

अशा वर्गातला चांगला शिक्षक व्याख्या पाठ करून घेत नाही. तो विद्यार्थ्याच्याच कामाचा हिशोब मांडायला लावतो. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. एक बहीण घरून डबे देते. डबा ९० रुपयांना, त्यात सामान आणि गॅस ६० रुपयांचा. डब्यामागे सुटले ३० रुपये. पोचवणाऱ्या मुलाचा पगार आणि भांड्यांचा हप्ता मिळून महिन्याला ६,००० रुपये ठरलेले. म्हणजे पहिले २०० डबे फक्त खर्च भरून काढतात. नफा दोनशे एकाव्या डब्यापासून. तिच्या स्वतःच्या मेहनतीचे पैसे तर अजून धरलेलेच नाहीत! शिक्षक मग विचारतो: ३०० डबे गेले, पण निम्म्या गिऱ्हाइकांचे पैसे थकले, तर किराणा कशातून भरणार? नफा वहीत दिसतो आणि हातात पैसा नसतो, हे इथे कळतं. अनेक छोटे धंदे याच ठिकाणी बुडतात.

मात्र नुसता अनुभव म्हणजे शिकवणं नव्हे. काही अनुभवी माणसं तासभर आपल्या दुकानाचेच किस्से सांगतात. ऐकायला मजा येते, पण वही कोरी राहते. अनुभवातून नियम काढून तो दुसऱ्याच्या धंद्याला लावून दाखवणं, ही शिक्षकाची खरी कसोटी.

आपल्या देशातही या दिशेने पाऊल पडलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट मोकळी केली. किमान १५ वर्षं आपल्या क्षेत्रात काम केलेली जाणकार व्यक्ती औपचारिक पदवीची अट न घालता शिकवायला घेता येते.

म्हणून मुलामुलीला कॉलेजात घालताना आम्ही पालकांना सुचवू की इमारत आणि जाहिरात पाहून थांबू नका. तिथे जाऊन विचारा: शिकवणाऱ्याने स्वतः कधी धंद्याचा किंवा हिशोबाचा व्यवहार सांभाळला आहे का? मुलांना खऱ्या दुकानाचा जमाखर्च मांडायला लावतात का? चुकलेला हिशोब तपासून परत देतात का?

आणि अब्बांनीही एक करावं. घरच्या दुकानाची वही मुलापासून, मुलीपासूनही, लपवू नये. कॉलेजात शिकलेलं पडताळून पाहायला त्याहून चांगलं पुस्तक दुसरं नाही.