टायरचे पुरुमेंत

मे महिना उजाडला की गोव्यातल्या घरांना पावसाची लगबग लागते. कौले परतायची, पन्हाळी साफ करायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुके बांगडे, सुंगटे, मिरच्या, आमसुले, चिंचेचे गोळे, उकडे तांदूळ, कांद्यांच्या माळा असे सगळे भरून ठेवायचे. याला आपण पुरुमेंत म्हणतो. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण गरज इथल्या पावसाची. मडगावात तर या खरेदीच्या नावाने ओळखले जाणारे फेस्तच आहे. आता बारमाही दुकाने झाली, भर जुलैतही सगळे मिळते, तरी पुरुमेंताची सवय काही सुटलेली नाही. पाऊस यायच्या आधी तयारी करायची असते, हे आपल्या हाडात मुरलेले आहे.

या यादीत एक वस्तू घालावी, असे मला गेली काही वर्षे वाटते आहे. ती म्हणजे मोटारीचे टायर.

हसू नका. आज गोव्यात मोटार ही चैन राहिलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या शंभरांपैकी सुमारे ४५ घरांत मोटार आढळली. देशाची सरासरी साडेसात होती. म्हणजे आमच्यासारख्या कारकुनाच्या घरापुढेही ताडपत्रीखाली एक चारचाकी उभी असते. तिच्या सीटना कव्हरे असतात, आरशाला देवाची तसबीर लटकत असते, खंडेनवमीला तिला झेंडूची माळ पडते आणि चाकाखाली लिंबूही चिरडले जाते. पण त्या लिंबाला चिरडणारा टायर किती झिजला आहे, हे त्या दिवशीही कोणी वाकून पाहत नाही.

आणि पाहिलेच, तर पुढचे वाक्य ठरलेले. "हा पावसाळा काढूया, चवथीनंतर बघू." आमच्या कचेरीत हे वाक्य दर मे महिन्यात ऐकू येते. बोलणाऱ्याचा हिशेब असा की, पावसात रस्ते खराब होणार, खड्ड्यांत नवे टायर कशाला आपटायचे? वर जूनमध्ये मुलांच्या शाळेचा खर्च असतो, चवथ तोंडावर असते. ऐकायला व्यवहारी वाटते. माझ्या मते मात्र हा हिशेब नेमका उलटा आहे.

टायरवर खाचा असतात त्या कशासाठी? कोरड्या, गुळगुळीत डांबरी रस्त्यावर धावायला त्या लागतच नाहीत. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या दिवसाचे टायर सपाट, बिनखाचांचे असतात. खाचा असतात त्या पाण्यासाठी. चाकाखाली आलेले पाणी त्या वाटेने बाजूला फेकले जाते आणि रबराला खालचा रस्ता सापडतो. एकेका टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारण आपल्या तळहाताएवढा. चार तळहातांवर अख्खे कुटुंब बसलेले असते! खाचा उथळ झाल्या आणि पाणी जास्त असले, वेगही असला, की बाहेर जायला वाट न मिळालेल्या त्या पाण्यावर टायर चढतो. स्टिअरिंग एकाएकी हलके लागते, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. नव्या गाड्यांत एबीएस असते म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. पण एबीएसलाही काम करायला टायरखाली रस्ता लागतो, तोच नसेल तर ते बिचारे काय करणार?

तेव्हा झिजलेला टायर ऑक्टोबर ते मे एकवेळ चालेल, पण जून ते सप्टेंबर नाही. आपण करतो ते असे, की टायरचे खरे काम असते ते चार महिने त्याला म्हातारपणी राबवतो आणि पाऊस सरल्यावर नवा आणतो. कौले गळतात हे ठाऊक असून ती दिवाळीत परतण्यासारखेच हे झाले.

पहिला पाऊस तर आणखी वाईट. आठ महिने रस्त्यावर साचलेले तेल आणि लाल माती यांचा त्या सरीत जो राप होतो, त्यावर भले भले घसरतात. चोर्ल्याची किंवा अनमोडची वळणे उतरून बेळगावहून येणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको.

मग टायर घ्यायचा कसा? फोंडा तालुक्यात उसगावला टायरचा मोठा कारखाना आहे, तरी आपल्यापैकी बहुतेकांना टायर म्हणजे एक काळे वाटोळे, यापलीकडे माहिती नसते. दुकानात गेले की दुकानदार म्हणतो, "हो व्हर, पात्रांव, बरो आसा." आपण किंमत विचारतो, थोडी घासाघीस करतो आणि घेऊन येतो. त्याऐवजी टायरच्या अंगावर लिहिलेले वाचावे. सगळे तिथे लिहिलेले असते.

समजा, १६५/८० आर १४, ८५ टी असे लिहिले आहे. १६५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल, १४ इंची रिम. ८५ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरवर ५१५ किलोपर्यंत भार. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. आपल्या गाडीला काय लागते ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असते. ते आकडे कागदावर उतरवून न्यावेत. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून रुंद टायर घालणाऱ्यांच्या नादी लागू नये. वजनाचा आकडा तर पट्टीवरच्यापेक्षा कमी कधीच घेऊ नये. बाजूवर आयएसआयचे चिन्ह आहे ना, तेही पाहावे.

त्याहून महत्त्वाची आहे तारीख. आम्ही कारकून माणसे कागद हाती आला की आधी त्यावरचा आवक शिक्का बघतो. टायरवरही असा शिक्का असतो. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३वा आठवडा, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. ही ओळ कधी कधी एकाच बाजूला पूर्ण असते, तेव्हा टायर उलटून पाहावा. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, कडक होते, त्याला बारीक भेगा जातात. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून पूर्ण किमतीत घेण्यात शहाणपणा नाही. पावाच्या लादीवरची तारीख वाचणारे आपण, टायरवरची वाचायला काय हरकत आहे? नामांकित कंपनीच्या शिळ्या टायरपेक्षा साध्या कंपनीचा ताजा टायर मी पसंत करीन. बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. पुढे वॉरंटीसाठी तोच कामी येतो.

जुना टायर कधी बदलायचा याचीही खूण त्याच्या अंगावरच असते. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर झिजत त्यांच्या पातळीला आला की खाच १.६ मिलिमीटर उरलेली असते. मोटारीसाठी कायद्याने घातलेली किमान मर्यादा तीच आहे. पण ती शेवटची रेघ आहे. आपल्या पावसाचा विचार करता खाच ३ मिलिमीटरवर आली की मेमध्येच टायर बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खाचा शाबूत पण टायर दहा वर्षांचा, असे असेल तरीही तो जाऊ द्यावा. आठवड्यातून एकदाच बाजारापुरती बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे फार होते.

आता पैशांची गोष्ट. छोट्या मोटारीचे चार टायर म्हणजे १२ ते १८ हजारांचे काम. पगारदार माणसाला ते जड जाते, हे मला कोणी समजावून सांगायला नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेवढाच दिलासा. चार एकदम झेपत नसतील तर दोन घ्यावेत, मात्र जोडीने. आणि ही नवी जोडी मागच्या चाकांना घालावी. दुकानात बहुधा ती पुढे घालतात, कारण आपल्या बहुतेक गाड्यांचे पुढचे टायर लवकर झिजतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरू लागली तर हाताला कळते, वेग कमी करता येतो. मागची सुटली तर गाडी भिंगरीसारखी फिरते, आणि ती सावरणे तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातचे नसते. त्या दिवशीच बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे, व्हॉल्व्ह नवे बसवावेत. नायट्रोजनसाठी जादा पैसे मोजायचे की नाही ते आपले आपण ठरवावे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, पंधरवड्याने हवा तपासली म्हणजे झाले.

इथवर बहुतेकांना पटेल. मला खरे बोलायचे आहे ते यापुढचे.

आपले जुने टायर कुठे जातात? दुकानदार टायरमागे शे-दोनशे रुपये कापून देतो, आपण खूश होतो आणि मागे वळून पाहत नाही. त्यातले काही भट्टीत किंवा भुकटीच्या कारखान्यात जातात. काही होडीच्या कडेला, जेटीच्या भिंतीला बांधले जातात, ते ठीकच. पण काही पुन्हा रस्त्यावर येतात. गरम पात्याने त्यांच्यावर नव्या खाचा पाडतात, काळा रंग फासतात आणि ज्याला नवा घेणे परवडत नाही अशा माणसाच्या गाडीला ते लागतात. ट्रक-बसच्या टायरवर नवा थर चढवण्याचा रीतसर धंदा वेगळा, त्याविषयी माझी तक्रार नाही. मोटारीच्या झिजल्या टायरला पात्याने खाचा पाडणे म्हणजे उरलेसुरले रबरही कापून काढणे. आपल्या मुलाबाळांसाठी जो टायर आपण धोक्याचा ठरवला, तोच दुसऱ्याच्या मुलाबाळांखाली जातो. त्याचे शे-दोनशे रुपये आपल्या खिशात असतात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की खरोखर बाद झालेला टायर देताना त्याची बाजू आपल्यासमोर कापून घ्यावी. दुकानदार कुरकुर करील, सूट कमी देईल. देऊ दे. २०२२ साली केंद्र सरकारने टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केले आहेत, पण टायर दुकानातून मागच्या दाराने जातो तिथे कोण नियम घेऊन बसला आहे? तिथे पाहणारे आपणच. आणि घरी आणून परसात किंवा शेडच्या पत्र्यावर टाकणार असाल तर तेही नको. टायरच्या पोकळीत साचलेले चमचाभर पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते. आरोग्य खात्याची माणसे दर पावसाळ्यात हेच सांगत दारोदार फिरतात.

पूर्वीचे पुरुमेंत फक्त आपल्या घरापुरते नसायचे. शेजारी अडला तर त्याच कणग्यातून शेरभर तांदूळ जायचे, भर पावसात कोणी दारी आला तर त्याच सुक्या मासळीवर त्याचे जेवण व्हायचे. टायरच्या पुरुमेंतातही शेजाऱ्याचा तेवढा वाटा असावा. ओल्या रस्त्यावर आपली गाडी वेळेवर थांबली तर वाचणारा माणूस बहुधा आपल्या ओळखीचा नसतो. सायकलवरचा असतो, छत्री घेऊन शाळेला निघालेला असतो.

तेव्हा येत्या मेमध्ये मिरच्या उन्हात घालाल, तेव्हा एकदा गाडीपाशीही वाकून या. चष्मा विसरू नका, ते चार आकडे फार बारीक असतात.