विश्लेषण : इतिहासातील नामवंतांना खरेच ‘गरमी’ झाली होती? पुरावा किती, कुजबुज किती?

आठवा हेन्री, बीथोव्हेन, नीत्शे, लेनिन, अल कपोन... सिफिलिस झालेल्या प्रसिद्ध व्यक्तींच्या याद्यांत ही नावे एकाच रांगेत दिसतात. पण या प्रत्येक नावामागचा पुरावा वेगळा आहे. कुठे तो भक्कम आहे, कुठे वादग्रस्त, तर कुठे केवळ अफवा. हा फरक पुसला की आजाराचे निदान हा चारित्र्यावरचा शेरा ठरतो. त्याची किंमत आजचे रुग्ण मोजतात.

आजार नेमका काय?

सिफिलिस म्हणजे उपदंश, बोलीभाषेत गरमी. ‘ट्रेपोनेमा पॅलिडम’ या जिवाणूमुळे तो होतो. मुख्यतः लैंगिक संबंधातून आणि गर्भवतीकडून बाळाला त्याचा संसर्ग होतो. सुरुवातीला न दुखणारा व्रण येतो आणि आपोआप भरतो. पुढे अंगावर पुरळ येते, तेही जाते. मग वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. उपचार न झालेल्या काही रुग्णांत मात्र हृदय, मेंदू, डोळे किंवा कान यांवर परिणाम होतो. लक्षणे इतकी विविध असल्याने इतिहासातील कोणाच्याही बहिरेपणाला वा भ्रमिष्टपणाला हा आजार चिकटवणे सोपे जाते.

दोषारोप कधीपासून?

अगदी सुरुवातीपासून. १४९५ मध्ये नेपल्सवर चालून गेलेल्या फ्रेंच सैन्यात ही साथ पसरली. इटलीत तिला ‘फ्रेंच रोग’ म्हटले गेले, फ्रान्समध्ये ‘नेपल्सचा रोग’. भारतात भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात त्याचे नाव आहे ‘फिरंग रोग’. प्रत्येकाने आजार दुसऱ्याच्या नावावर टाकला.

पुरावा कोणाबाबत भक्कम?

फ्रेंच कथाकार गी द मोपासाँ यांना विशीतच संसर्ग झाला होता आणि तो त्यांना ठाऊक होता. अखेरचे दीड वर्ष मनोरुग्णालयात काढून १८९३ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. शिकागोचा गुंड अल कपोन याच्या मेंदूपर्यंत आजार पोहोचल्याचे निदान १९३८ मध्ये अल्कॅट्राझ तुरुंगात झाले. पुढे त्याला पेनिसिलिन मिळाले, पण तोवर मेंदूची हानी झाली होती. १९४७ मध्ये तो मरण पावला. ‘आउट ऑफ आफ्रिका’च्या डॅनिश लेखिका कारेन ब्लिक्सन यांनाही डॉक्टरांनी हेच निदान सांगितले होते. लग्नानंतर थोड्याच काळात, पतीकडून संसर्ग झाल्याचे मानले जाते. पारा आणि आर्सेनिकयुक्त औषधे त्यांना घ्यावी लागली. या आजाराला बाहेरख्यालीपणाची शिक्षा मानणाऱ्यांनी या उदाहरणाकडे जरूर पाहावे.

शंका कोणाबाबत?

१९०५ मध्ये जिवाणू सापडला आणि १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तचाचणी आली. त्याआधीचे निदान केवळ लक्षणांवरून होई. १८८९ मध्ये तुरिन येथे नीत्शे कोसळले, तेव्हा डॉक्टरांनी उपदंशाचेच निदान केले. मात्र त्यानंतर ते ११ वर्षे जगले. मेंदूच्या उपदंशाचे त्या काळातील रुग्ण सहसा काही वर्षांतच दगावत. त्यामुळे मेंदूतील गाठीसह अन्य शक्यता पुढे आल्या. लेनिन यांच्या शवविच्छेदनात मेंदूच्या रक्तवाहिन्या कमालीच्या कठीण झाल्याचे आढळले. उपदंशाची चर्चा तरीही थांबली नाही. बीथोव्हेन यांच्या केसांतील डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यकृताच्या आजाराचा आनुवंशिक धोका आणि हेपटायटिस बीचा संसर्ग दिसला. बहिरेपणाचे कारण सापडले नाही. आठव्या हेन्रीला तेव्हाचा रूढ पाऱ्याचा उपचार दिल्याची नोंद नाही.

मग अफवा टिकते का?

कारण ती सोयीची असते. नीत्शेंचे विचार नको असतील तर ते वेड्याचे म्हणता येतात. लेनिन यांचे राजकारण खोडण्याऐवजी त्यांच्या रक्तावर बोलता येते. हेन्रीच्या राण्यांचे गर्भपात त्याच्या पापांच्या खात्यात टाकता येतात. क्षयाने किंवा हृदयविकाराने गेलेल्या थोरांबद्दल असे कोणी बोलत नाही.

याचा आजच्याशी संबंध काय?

हा आजार इतिहासजमा झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८० लाख लोकांना नव्याने संसर्ग झाला. मोपासाँच्या काळी खात्रीचा इलाज नव्हता. आज आहे. १९४३ पासून पेनिसिलिन वापरात आहे आणि सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा एक इंजेक्शन पुरते. गर्भवतीची तपासणी व उपचार वेळेत झाले तर बाळालाही वाचवता येते. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणीची सोय आहे.

अडते ते लाजेपाशी. व्रण आपोआप भरला की रुग्ण सुटकेचा नि:श्वास टाकतो, जोडीदाराला सांगत नाही आणि आजार आत वाढत राहतो. मृतांच्या आजाराची कुजबुज करणाऱ्या समाजात जिवंत माणूस दवाखान्याची पायरी चढायला घाबरणारच. नामवंतांच्या याद्या वाचायला हरकत नाही. पण त्यातून घ्यायचा धडा चारित्र्याचा नव्हे, वेळेवर तपासणी करून घेण्याचा आहे.