फराळाच्या ताटाला धर्म विचारू नका

दिवाळीत आमच्या घरचे फराळाचे ताट शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे जाते आणि नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडे येतात. कोल्हापुरात याचे कुणाला नवल वाटू नये. परंतु गेल्या वर्षी एका विद्वान स्नेह्यांनी माझ्याच ओसरीवर बसून, माझीच चकली खात, आक्षेप घेतला, "हे लोक भजतात येशूला आणि करंज्या मात्र आपल्या तळतात! धर्म सोडला, तर सणही सोडावा. दोन डगरींवर पाय कशाला?" गंमत अशी की, शेजाऱ्यांकडे आलेला एक कडवा पाहुणाही त्यांना हेच सुनावून गेला : प्रभूला शरण गेल्यावर दारात आकाशकंदील कशाला? दोघांनाही माझे उत्तर एकच आहे.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांची भाषा इंग्रजी. ती ज्या सॅक्सन लोकांकडून आली, ते एके काळी वोडन आणि थोर यांचे पूजक होते. ५९७ साली ऑगस्टीन रोमहून त्यांच्या केंट प्रांतात गेला आणि ६०१ साली पोप ग्रेगरीने मेलिटस या धर्मोपदेशकाला कळविले की, देवळे पाडू नका, आतल्या मूर्ती तेवढ्या मोडा. बैल मारून जेवणावळी घालण्याची चालही राहू द्या, फक्त ती आता आपल्या देवाच्या नावाने होवो. ही सहिष्णुता नव्हे, मुत्सद्देगिरीच. पण लोकांचे जुने सारे एका फटक्यात पुसता येत नाही, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते. इंग्रजीतला बुधवार आजही वोडनचा आहे आणि गुरुवार थोरचा. ईस्टर हे नाव एका सॅक्सन देवीवरून आले, असे बीड नावाच्या ख्रिस्ती साधूनेच लिहून ठेवले आहे. म्हणून इंग्रजाला कोणी अर्धा ख्रिस्ती म्हणतो काय?

गोव्यात पोर्तुगीजांनी एवढेही शहाणपण दाखविले नाही. सोळाव्या शतकात देवळे पाडली. मंगेश आणि शांतादुर्गा यांना भक्तांनी जुवारीपलीकडे फोंड्याच्या मुलखात नेले. १५६० साली इन्क्विझिशन बसले, १६८४ साली लोकांची बोली मोडण्याचा हुकूम निघाला. काय साधले? देव राहिले, कोकणीही राहिली. आणि त्याच गोव्यात टॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत रचलेले, १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण आजही वाचले जाते. हुकूम मात्र इतिहासाच्या पुस्तकापुरता उरला.

आणि स्नेहीमहाराज, आपले तरी काय? आपले म्हसोबा आणि बिरोबा कोणत्या वेदात होते? धनगरांचे, गुराख्यांचे देव आपण आपलेसे केले आणि त्यांच्या यात्रांत गुलालभंडारा उधळला. तेव्हा सोवळे आठवले नाही. मग शेजाऱ्याच्या कढईशीच का आठवावे? १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी येशूची भजने मराठी वळणाचीच लिहिली. त्यांनी भाषा कुणाकडून उसनी आणली नव्हती, ती त्यांचीच होती.

माणसाने देव कोणता मानावा, हा त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न. पण ओवी, आकाशकंदील आणि करंजी ही या मातीची मिळकत. तिच्यात प्रत्येक घराचा वाटा आहे. तो काढून घेण्याचा अधिकार ना माझ्या स्नेह्यांना, ना त्या पाहुण्याला.

यंदाही ताट जाईल. स्नेह्यांनाही आमंत्रण आहे. चकल्या पुष्कळ केल्या आहेत.