तडकलेली माशांची पेटी

मुलेंबाळें असलेल्या पुष्कळ घरांत हल्लीं एखादी कांचेची पेटी आणि तींत पांचसात रंगीत मासे असतातच. बाजारांत तिला 'फिश टँक' म्हणतात. आपण येथें नुसती पेटी म्हणूं. एके दिवशीं या पेटीच्या कांचेवर केसासारखी बारीक रेघ दिसते आणि घरांत तत्काळ दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "थोडें लुकण भरा, अजून दोन वर्षें सहज निघतील." मुलें म्हणतात, "नवीच आणा, आणि या खेपेस मोठी आणा." एका पक्षास काटकसरीचें भूषण वाटतें, दुसऱ्यास हौसेचें, कांच मात्र नीट निरखून कोणींच पाहिलेली नसते.

प्रथम हें ठरविलें पाहिजे कीं, बिघडलें आहे तें काय? कांच, कीं दोन कांचांमधला सांधा? दोहोंतूनही पाणी झिरपतें, म्हणून लोक दोहोंना 'गळती' हें एकच नांव देतात आणि तेथेंच विचाराचा घोटाळा होतो.

सूचीकटाहन्यायानें सोपें काम आधीं उरकूं. पूर्वीं या पेट्यांना लोखंडी चौकट असे व तींत लांबी भरून कांचा बसवीत. इ. स. १९६० नंतरच्या दशकांत सिलिकोन नांवाचा रबरासारखा डिंक प्रचारांत आला आणि चौकटीवांचून कांचेस कांच चिकटूं लागली. हा डिंक हवेंतील बाष्प घेऊन घट्ट होतो. त्या वेळीं त्याच्या नेहमींच्या जातीस शिरक्यासारखा आंबट वास येतो. कित्येक वर्षांनीं तो कडेनें सुटूं लागतो आणि सांधा पाझरतो. अशी पेटी टाकून देणें ही निव्वळ उधळपट्टी होय. पेटी रिकामी करून कोरडी करावी, आंतल्या सांध्यांवरचा जुना डिंक पात्यानें खरवडून काढावा आणि नवा भरावा. येथें एक गोष्ट विसरूं नये. जुन्या सिलिकोनवर नवें सिलिकोन नीट धरत नाहीं. गळतें तेवढ्याच जागीं बोट फिरवून मोकळे होणाऱ्यांची पेटी पुन्हां गळते ती यामुळेंच. नळी घेतांना ती बुरशीनाशक औषध न घातलेली आहे ना, हें विचारून घ्यावें. तें औषध माशांस बाधतें. मग आठवडाभर, वास पूर्ण जाईपर्यंत, थांबावें. पेटी न्हाणीघरांत किंवा अंगणांत भरून खालीं कोरडा कागद घालावा आणि दोन दिवस वाट पाहावी. कागद कोरडा राहिला तर पेटी घरांत न्यावी.

आतां कांचेचा तडा. येथें आमचें मत काटकसरी पक्षाच्या विरुद्ध आहे, आणि तें कां हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

साठ सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल पाणी असलेली साधी पेटी घ्या. तींत ५४ लिटर पाणी मावतें, म्हणजे ५४ किलो वजन झालें. वाळू आणि कांच निराळी. हें पाणी समोरच्या कांचेवर अहोरात्र जो रेटा देतें तो सुमारें २७ किलोच्या भाराइतका असतो. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, पेटीच्या रुंदीवर नव्हे. म्हणून रुंदी कमी केल्यानें कांचेचें ओझें हलकें होत नाहीं, परंतु पाण्याची खोली निम्मी केली तर तो रेटा एक चतुर्थांशावर येतो. तडा दिसतांच करावयाचें पहिलें काम यांतूनच निघतें: विजेच्या सर्व कळी बंद करून पाणी निम्म्याखालीं उतरविणें. पक्षांचा वाद मग चालूं द्यावा.

धातूला पोंचा आला तर धातु वांकते. कापड फाटलें तर ठिगळानें निभावतें. कांच वांकूं जाणत नाहीं. ग्रिफिथ नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें इ. स. १९२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, कांच हिशेबापेक्षां फारच कमी ताणाला कां फुटते, याचा उलगडा केला. तिच्यांतील सूक्ष्म भेगा हें त्याचें कारण. कांचेवर पडणारा ताण भेगेच्या टोंकाशीं एकवटतो, आणि भेग जितकी लांब तितकी ती पुढें सरकण्यास कमी ताण पुरतो. दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. ताणाखालीं असलेल्या भेगेच्या टोंकाशीं पाणी पोंचलें कीं तें कांचेच्या कणाकणांतील बंध हळूहळू तोडतें. त्यामुळें महिनाभर स्थिर दिसणारा तडा एखाद्या रात्रीं, कोणीं हातही लावला नसतां, अकस्मात् आरपार जातो. 'इतके दिवस कांहीं झालें नाहीं' हा युक्तिवाद कांचेच्या बाबतींत सर्वथा लंगडा आहे.

केवळ ओरखडा असेल तर भिण्याचें कारण नाहीं. नख फिरवून पाहावें व तिरपा उजेड धरावा. तडा असल्यास आंत आरशासारखी चकाकी दिसते. कडेचा टवका उडाला असेल आणि त्यांतून रेघ निघाली नसेल तर ती पेटी कमी पाण्यावर लक्ष ठेवून वापरतां येईल. तळाची कांच तडकली असल्यास मात्र दुरुस्तीचें नांव काढूं नये. सर्व भार तिच्यावर, आणि ती बदलणें म्हणजे सबंध पेटी उकलणें.

तड्यावर कांचेची पट्टी चिकटविण्याची युक्ति पुष्कळांना ठाऊक आहे. ती करावयाचीच तर पट्टी आंतून लावावी, म्हणजे पाणीच तिला दाबून धरतें. बाहेरून लावलेल्या पट्टीस पाणी ढकलीत असतें. पण हा उपाय चार दिवसांची सोय एवढाच समजावा. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं बाहेरून पट्टी लावून पेटी पुस्तकांच्या कपाटावर ठेविली होती. मासे मुलांनीं बादलींत वांचविले. शब्दकोशाचे दोन खंड मात्र अद्यापि फुगलेले आहेत.

एका वाचक-भगिनीनें लिहिलें आहे कीं, त्यांची पेटी त्यांच्या दिवंगत यजमानांनीं हौसेनें आणलेली. समोरच्या कांचेस कोपऱ्यापासून चार बोटें तडा गेला आहे. चिरंजीव ती फेंकून द्या म्हणतात आणि त्यांच्यानें तें होत नाहीं. बाई, आपण दोघेंही अर्धे बरोबर आहां. ती कांच ठेवूं नका; पेटी ठेवा. बाजूची एकच कांच गेली असेल तर कांचवाला सांध्यांतून पातें घालून ती मोकळी करतो, त्याच जाडीची दुसरी बसवितो आणि आंतले सांधे नव्यानें भरून देतो. हिशेबानें पाहिलें तर लहान पेटीला हा खर्च कदाचित् नव्या पेटीच्या जवळपास जाईल, आणि चिरंजीव तसें म्हणतीलही. परंतु त्या पेटीचें मोल ठरविण्याचा अधिकार दुकानदारास नाहीं.

तोंवर मासे स्वच्छ टपांत, पेटींतल्याच पाण्यांत ठेवावे व हवेची नळी चालू ठेवावी. गाळणींतील स्पंज नळाखालीं धुऊं नये, कोरडाही होऊं देऊं नये. माशांच्या मलांतील विषारी अमोनिया पचविणारे जंतु त्यांत वसतात. ते मेले तर नव्याची वस्ती होण्यास महिना-दीड महिना लागतो, आणि नव्या स्वच्छ पेटींत मासे मरतात ते बहुधा याच कारणानें.

शेवटीं, तडा गेला कां हेंही पाहिलें पाहिजे. नाहींतर नव्या कांचेचीही तीच गत होईल. बहुतेक वेळां दोष मेजाचा असतो. खालीं एखादा खडा राहिला किंवा फळी वांकली तरी तेवढें पुरतें. चौकट नसलेल्या पेटीखालीं थर्मोकोलचा सपाट तक्ता घालावा. पाणी अर्धें भरून थांबावें आणि पाण्याची रेघ वरच्या कडेशीं समांतर आहे का तें पाहावें. नसल्यास पेटी रिकामी करून पाचर मेजाच्या पायाखालीं द्यावी, कांचेखालीं कधींही नव्हे. आणि भरलेली पेटी चार जणांनीं धरून दिवाणखान्यांतून ओसरीवर नेण्याचा पराक्रम करूं नये.